दायमाबादचा रथ आणि दहावीची पीडीएफ

आधीच सांगून टाकते. शाळेत इतिहास शिकवायला तयार पाठ वापरायला माझा विरोध नाही. त्या तयार पाठात आपण जे भरतोय, त्याला आहे.

नववी-दहावीच्या मुलांपर्यंत आज जो इतिहास पोचतो, तो बहुतेक वेळा कुणीतरी आधीच चावून ठेवलेला असतो. गाईड, अपेक्षित प्रश्नसंच, यूट्यूबवरचा 'एका व्हिडिओत अख्खा धडा', टेलिग्रामवर फिरणारी स्वाध्यायाच्या उत्तरांची पीडीएफ, वर्गातल्या स्मार्ट टीव्हीवरचं कुठल्या तरी कंपनीचं ॲनिमेशन, आणि आता एआयनं दहा सेकंदांत लिहून दिलेलं पाठ टाचण. दुकानं वेगवेगळी, माल एकच. वर प्रश्न, खाली उत्तर, उत्तरात ठळक केलेले चार शब्द. हे उत्तर कुणी काढलं, कशाच्या आधारावर काढलं, दुसरं काही उत्तर निघू शकतं का, याचा पत्ताच नाही.

हे नुसतं कंटाळवाणं असतं तर मी लेख लिहायला बसले नसते. शाळेत कंटाळा यायचाच. माझी तक्रार वेगळी आहे. या तयार उत्तराची घडण आणि व्हॉट्सॲप फॉरवर्डची घडण हुबेहूब एक आहे. एक परिच्छेद, ठाम सूर, आधार शून्य, आणि 'पाठ करा'च्या जागी 'पुढे पाठवा'. शाळेतली सगळी वर्षं ज्या मुलाला इतिहास असा तयार परिच्छेदातून भरवला, ते मूल अठराव्या वर्षी फॉरवर्ड वाचून 'हे कशावरून?' असं विचारेल, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करतो?

पुस्तक बरं आहे, गंमत तीच आहे

यात पाठ्यपुस्तकाला शिव्या घालणं सोपं आहे, पण अन्यायाचं होईल. बालभारतीचं दहावीचं इतिहासाचं पुस्तक २०१८ मध्ये आलं. त्यातले पहिले दोन धडे चक्क इतिहासलेखनाचे आहेत, आधी पाश्चात्त्य परंपरा, मग भारतीय परंपरा. व्हॉल्टेअर आहे, रांके आहे, मार्क्स आहे, फुको आहे. पुढे उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन. नववीच्या पुस्तकाची सुरुवातही इतिहासाच्या साधनांपासून होते. इतिहास ही तपासायची गोष्ट आहे, असं मुलांना कळावं, हा पुस्तक करणाऱ्यांचा हेतू स्पष्ट दिसतो.

मग हा हेतू परीक्षेच्या चक्कीतून जातो. इतिहास-राज्यशास्त्राची ४० गुणांची लेखी परीक्षा. योग्य पर्याय निवडा, चुकीची जोडी ओळखा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, टिपा लिहा. चक्कीतून बाहेर पडतं ते असं: आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, एक गुण. फुकोच्या ग्रंथाचं नाव काय, एक गुण. मूळ कागदपत्रं तपासल्याशिवाय इतिहास लिहू नका, असं म्हणणारा रांके 'मूळ कागदपत्रं' या दोन शब्दांपुरता उरतो आणि मुलं त्याच्याभोवती चौकोन काढतात.

माझा मामेभाऊ यंदा दहावीत आहे. रांके त्याला तोंडपाठ. मी विचारलं, "तू आजवर कोणता जुना कागद बघितलास?" तो म्हणाला, "ताई, ते विचारत नाहीत." खरं तेच बोलला. जे विचारत नाहीत ते शिकवायचं नाही, जे शिकवायचं नाही त्याची पीडीएफ कुणी बनवत नाही, आणि ज्याची पीडीएफ नाही ते मुलांच्या लेखी जगात नाही.

उताऱ्यावरचा प्रश्न असतो की, असं कुणी म्हणेल. असतो. पण उतारा बहुधा त्याच पुस्तकातला, म्हणजे त्याचंही उत्तर पीडीएफमध्ये आहेच.

आमच्या तालुक्यातला रथ

आता आमच्या श्रीरामपूर तालुक्यात या. प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद नावाची जागा आहे. १९५८ मध्ये पुरातत्त्व खात्याला तिचा शोध लागला. १९७४ मध्ये भिल्ल समाजातल्या एका शेतकऱ्याला तिथे जमीन खणताना धातूच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडी जुंपलेला आणि उभा माणूस हाकत असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथ साधारण ४५ सेंटिमीटर लांब. चारही वस्तू भरीव, मिळून साठेक किलो वजनाच्या. त्यानंतर १९७९ पर्यंत तिथे मोठं उत्खनन झालं. एकावर एक पाच संस्कृतींचे थर मिळाले: सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. यातलं जोर्वे म्हणजे शेजारच्या संगमनेर तालुक्यातलं गाव. इ. स. पूर्व २२०० ते १००० या काळात इथे माणसं राहत होती.

तयार पाठवाल्याच्या हातात हे सगळं दिलं, तर तो काय करेल? 'दायमाबाद येथे हडप्पाकालीन कांस्य रथ सापडला.' एक वाक्य, एक गुण, पुढचा प्रश्न.

आणि या एका वाक्यात सगळ्यात मोलाची गोष्ट मारली जाते. ती म्हणजे, या रथाच्या वयावरून अभ्यासकांमध्ये वाद आहे. उत्खनन करणारे एस. ए. साळी यांनी तो उत्तर हडप्पा काळाचा मानला. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणावर बोट ठेवलं. या वस्तूंमध्ये आर्सेनिकचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त आहे, आणि त्या काळातल्या इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंमध्ये असा मिश्रधातू आढळत नाही, तेव्हा त्या पुष्कळ नंतरच्याही असू शकतात, असं त्यांचं म्हणणं. शिवाय वस्तू उत्खननात मिळालेल्या नाहीत. शेतकऱ्यानं खणून काढल्यावर त्या कोणत्या थरात होत्या हे नेमकं कसं ठरवायचं?

यात नववीच्या मुलाला न समजण्यासारखं काय आहे? मला तर हा एका तासिकेचा झकास पाठ दिसतो. चार चिठ्ठ्या करा. पहिलीवर वस्तू कशा सापडल्या ते. दुसरीवर उत्खननातले पाच थर. तिसरीवर साळींचं म्हणणं. चौथीवर अग्रवालांचं म्हणणं. सोबत रथाचा फोटो. वर्गाचे गट करा आणि तीनच प्रश्न द्या. रथ किती जुना असेल असं तुम्हाला वाटतं? कशावरून? पक्कं ठरवायला आणखी काय मिळायला हवं? वेळ उरला तर चौथा: प्रवरेच्या खोऱ्यात आज गेंडा नाही, मग गेंडा घडवणाऱ्यानं तो कुठे बघितला असेल?

हाही तयार पाठच आहे. कुणीतरी चिठ्ठ्या आधी लिहून ठेवायला हव्यात, फोटो शोधायला हवा, भाषा सोपी करायला हवी. शिक्षकाची मेहनत यातही वाचते. फरक एवढाच, की यात पुरावे तयार दिलेत आणि उत्तर मुलांवर सोडलंय. हल्ली मिळतात त्या पाठांत उत्तर तयार असतं आणि पुरावे गायब असतात.

घरातल्या पत्र्याच्या पेटीतला इतिहास

दायमाबाद चार हजार वर्षं जुनं म्हणून लांबचं वाटत असेल, तर जवळचं घेऊ. श्रीरामपूर हे गाव का आहे?

दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली. स्टेशन बसलं ते बेलापूर या नावानं, कारण नाव असलेलं जुनं गाव काही किलोमीटरवरचं प्रवरेकाठचं बेलापूर. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण झालं, १९२६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, आणि प्रवरेच्या कालव्यांच्या पाण्यावर हा भाग उसाखाली आला. दख्खनचे हे कालवे मुळात दुष्काळापासून संरक्षण म्हणून आखले होते. पण ज्वारी-बाजरीला पाणी देऊन कालव्याचा खर्च निघेना, ऊस पाणीपट्टी भरी, म्हणून सरकारलाही ऊस हवासा झाला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खाजगी साखर कारखाना उभा राहिला. कंपनीनं शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, कारखान्यांकडच्या जमिनी सरकारकडे गेल्या, त्या कसायला १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झालं. आणि मूळ मालक? ते खंडकरी शेतकरी म्हणून काही दशकं मोर्चे काढत, कोर्टात जात राहिले. २०१२ च्या सुमारास जमिनी परत मिळायला सुरुवात झाली, तोवर ज्यांनी जमीन खंडानं दिली होती त्यांची नातवंडं म्हातारी झाली होती.

दुसरीकडे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५० च्या अखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना, हे वाक्य आमच्या भागातल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. पण हरेगावची खाजगी कंपनी आणि लोणीचा सहकार यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, सहकाराची गरज का वाटली, खंडकऱ्यांची जमीन परत यायला इतकी वर्षं का लागली, हे प्रश्न कोणत्याच पीडीएफमध्ये नाहीत.

आणि याचे पुरावे कुठल्या लांबच्या दप्तरखान्यात नाहीत. घराघरांत पत्र्याच्या पेटीत आहेत. जुना सातबारा, फेरफाराची नक्कल, एखादी नोटीस, पाणीपट्टीची पावती. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा, फेरफार म्हणजे नमुना सहा. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, मध्ये कुणाचा हक्क चढला, कुणाचा उतरला, हे त्यात सन घालून लिहिलेलं असतं. ज्या मुलांना रांकेच्या नावापुढे 'मूळ कागदपत्रं' लिहायला लावतो, त्यांच्या घरात मूळ कागदपत्रं पडून आहेत.

फेरफार वाचायला शिकलेलं मूल दोन गोष्टी शिकतं. एक, कागद बोलतो, पण त्याला विचारावं लागतं. दोन, कागद सगळं सांगत नाही. ज्या मजुरानं तो ऊस तोडला, त्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. मग त्याचा इतिहास कुठे शोधायचा? हा प्रश्न ज्याला चौदाव्या वर्षी पडला, त्याला फुकोच्या ग्रंथाचं नाव नाही आठवलं तरी चालेल.

शिक्षकांना दोष देणं बंद करा

यावर येणारी उत्तरं मला माहीत आहेत.

पहिलं, शिक्षकांना वेळ कुठे आहे? बरोबर. निवडणुकीचं काम त्यांना, सर्वेक्षणं त्यांना, ऑनलाइन माहिती भरायची त्यांनी. इतिहासाचे सर मराठी आणि पीटीही घेतात. वर्गात साठ-साठ मुलं. अशा माणसाला 'तुम्ही स्वतः साधनं गोळा करा' असं सांगणं म्हणजे निव्वळ शहाणपणा शिकवणं. म्हणूनच तयार पाठ हवेत, हे मी पहिल्या ओळीपासून म्हणते आहे. ज्यांच्याकडे वेळ, पैसा आणि माणसं आहेत, त्या शासनानं आणि कंपन्यांनी शिक्षकाच्या हातात काय ठेवलं, हा माझा प्रश्न आहे.

दुसरं, मुलं गोंधळतील. दोन अभ्यासकांचं जमत नाही हे सांगितलं तर मुलांचा इतिहासावरचा विश्वास उडेल. याच मुलांना आपण क्रिकेटमधल्या एका झेलावरून तिसऱ्या पंचाचा निर्णय चुकला की बरोबर, यावर चार कोनांतून रिप्ले बघून तासभर भांडताना बघतो. पुरावा तोलण्याची अक्कल त्यांच्यात आहे. ती इतिहासाच्या तासाला वापरायची नसते, एवढं मात्र त्यांना आपण नीट शिकवलंय.

तिसरं, गावचा इतिहास शिकवत बसलो तर देश आणि जग राहून जाईल. श्रीरामपूरच्या कालव्याचा धागा ओढून बघा. ब्रिटिश सरकारचं दुष्काळ धोरण, रेल्वे, भांडवल, जमीनधारणा कायदा, सहकार, न्यायालयं, सगळं हाताला लागतं. नववीच्या पुस्तकातला आर्थिक विकासाचा धडा याच धाग्यावर टांगता येईल.

आणि हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग यांच्या गटानं 'इतिहासकारासारखं वाचा' या धर्तीचे पाठ तयार करून इंटरनेटवर फुकट ठेवले. त्यातल्या एका पाठात पोकाहॉन्टसची गोष्ट आहे. तिनं जॉन स्मिथला मरणातून वाचवलं, ही कथा अमेरिकेत घराघरांत माहीत. पाठात मुलांना स्मिथचेच दोन मजकूर देतात. १६०८ च्या मजकुरात वाचवल्याचा उल्लेखच नाही. १६२४ च्या मजकुरात मात्र साग्रसंगीत प्रसंग आहे. माणूस तोच, मग सोळा वर्षांत गोष्ट कशी बदलली? पाठ तयार, छापून वाटायचा, शिक्षकाचा वेळ वाचला, आणि विचार मुलांनी केला.

अमेरिकेचं नको असेल तर आपल्या राजवाड्यांकडे या. वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांतून दप्तरं धुंडाळत फिरले आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. नाव नीट वाचा. आधी साधनं. बखरीत लिहिलंय म्हणून खरं, हे मानायला त्यांनी नकार दिला. सव्वाशे वर्षांपूर्वी या भाषेत जे भांडण होऊन गेलं, त्यात आपण आज बखरीच्या बाजूला जाऊन बसलोय. आपली बखर पीडीएफमध्ये येते, एवढंच.

डॅशबोर्डवर काय दिसतं

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे या धंद्याची आतली बाजू थोडी कळते. शैक्षणिक ॲप काय मोजतं? किती मुलांनी व्हिडिओ उघडला, किती टक्के बघितला, किती प्रश्न बरोबर सोडवले. हे आकडे शाळेला दाखवता येतात, पालकांना दाखवता येतात, गुंतवणूकदारांना तर आवर्जून दाखवता येतात. 'या मुलीनं आज आपलं मत पुरावा बघून बदललं' याचा आलेख निघत नाही. म्हणून पर्यायी प्रश्नांचा पूर येतो. मुलांना तेवढंच झेपतं म्हणून तो येत नाही. यंत्राला तेवढंच तपासता येतं म्हणून येतो.

आमच्या क्षेत्रात एक साधी शिस्त आहे. कोडमधली कोणती ओळ कुणी, कधी, का बदलली, याची नोंद राहते. नोंद नसलेला कोड कितीही चकचकीत असो, अनुभवी माणूस त्याला हात लावताना दहा वेळा विचार करतो. आणि हेच आम्ही इंजिनिअर लोक मुलांसाठी इतिहासाचं ॲप बनवतो तेव्हा एकाही वाक्याला 'हे कुठून आलं' याची नोंद जोडत नाही. एआयमुळे हे आणखी गुळगुळीत होणार आहे. साळी आणि अग्रवाल यांचा वाद कुणी मुद्दाम विचारला नाही, तर सारांशात घासून निघेल आणि मागे ते एक वाक्य उरेल, एक गुणाचं.

या गुळगुळीतपणाची किंमत आपण मोजतोय. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून रस्त्यावर दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपूर पेटलं, संचारबंदी लागली. तो बादशहा १७०७ मध्ये मेला तो आमच्याच जिल्ह्यात, नगरजवळ भिंगारला. २०२४ मध्ये या जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. या सगळ्याविषयी ठाम मत असलेली शंभर पोरं मी एका संध्याकाळी गोळा करून दाखवते. त्यातल्या किती जणांनी त्या काळचा एक कागद, एक पत्र, एक शिलालेख, निदान त्याचं भाषांतर वाचलंय? मत कोणत्या बाजूचं आहे याच्याशी मला घेणं नाही. ते तयार मिळालंय, याच्याशी आहे. दंगल घडायला राजकारण लागतं, पैसा लागतो, हे मला कळतं. पण फॉरवर्ड गिळायची सवय लागलेली डोकीही लागतात, आणि ती सवय आपण शाळेत, गुण देऊन लावतो.

मग करायचं काय

मागण्या तीनच आहेत, आणि त्यातली एकही महाग नाही.

एक. दहावीच्या परीक्षेत मुलांनी आधी न पाहिलेलं एक साधन द्या. एखादं पत्र, जाहिरात, छायाचित्र, फेरफाराची नोंद. त्यावर चार गुणांचा प्रश्न: यातून काय कळतं, काय कळत नाही, यावर किती विश्वास ठेवाल आणि का? मराठीच्या पेपरात न पाहिलेला उतारा चालतो, तर इतिहासात का नाही? परीक्षेत आलं की वर्षभरात वर्गात येईल, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

दोन. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले आहेत, दीक्षा ॲप २०१७ पासून आहे. तिथे आणखी एक ॲनिमेशन चढवण्याऐवजी प्रत्येक तालुक्याची दहा साधनं चढवा. श्रीरामपूरसाठी दायमाबादच्या चिठ्ठ्या, भंडारदऱ्याचे जुने नकाशे, खंडकऱ्यांचे अर्ज. खाली प्रश्न असावेत, उत्तरं नसावीत.

तीन. तयार पाठ विकणाऱ्या प्रत्येकानं वाक्याखाली आधार द्यावा. पाण्याच्या बाटलीवर सुद्धा ती कुठे भरली ते छापलेलं असतं.

हे होईपर्यंत तुमच्या हातात फोन आहेच. महाभूलेखवर घरचा सातबारा काढा. पेटीतला जुना कागद बाहेर काढून त्याच्या शेजारी ठेवा. दोन्हींत काय बदललंय ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, बोलणं रेकॉर्ड करा, आणि त्यांचं सांगणं कागदाशी कुठे जुळत नाही तिथे खूण करा. घरात दहावीचं पोर असेल तर त्याला शेजारी बसवा. ते म्हणेल, हे परीक्षेला येत नाही. म्हणू दे. खूण केलेल्या जागेवर बोट ठेवून विचारा, आजोबा खरं सांगतायत की कागद?